शेऱ्याचा रकाना

केळुसकर सरांनी टाइप केलेला कागद टेबलावरून पुढे सरकवला, त्यावर पेन ठेवलं आणि म्हणाले, "गावडेबाई, खाली डाव्या बाजूला सही करा."

सावित्री गावडेनं कागद उचलला आणि उभ्यानंच वाचला. एकतीस वर्षांत मुख्याध्यापकांच्या खोलीत ती कधी बसली नव्हती, आणि आजही तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. कागदावर चारच ओळी होत्या. चौदा ऑक्टोबरला दुपारी गच्चीवरच्या उपकरणाच्या पेटीचं झाकण माझ्याकडून नीट लावलं गेलं नाही, त्यामुळे आत ओल शिरून चुकीची नोंद झाली असावी, यापुढे मी दक्षता घेईन. खाली तिचं नाव, हुद्दा प्रयोगशाळा परिचर, आणि सहीसाठी मोकळी जागा.

तिनं कागद पुन्हा एकदा वाचला. मग तो टेबलावर ठेवला आणि पेन त्याच्या शेजारी ठेवलं.

"सर, झाकण मी लावलं होतं."

सर वाईट माणूस नव्हते. मूळचे वेंगुर्ल्याचे, या शाळेत येऊन चार वर्षं झालेली. कोणाला दुखवायचं नाही आणि कोणाशी वाद ओढवून घ्यायचा नाही, या बेतानं ते शाळा चालवत. त्यांनी सावित्रीला समजावून सांगितलं, की पेटी बसवणाऱ्या पुण्याच्या संस्थेचा वार्षिक अहवाल अडलाय. त्या दिवसाचे आकडे तिथल्या प्रकल्पप्रमुखांना पटत नाहीत. आकडे का चुकले याचं एक कारण त्यांना कागदावर हवंय, बस्स. सेवापुस्तकात काही लागणार नाही. संस्था पुढच्या वर्षी शाळेला कायमचं निरीक्षण केंद्र करणार आहे. एका सहीनं सगळं मिटतं.

"मिटतं ते माझ्या नावावर, सर," सावित्री म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि दोन दिवस विचार करा म्हणून सांगितलं. कागद तिनं घडी घालून पिशवीत टाकला.

शाळा कट्टा गावातून धामापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि तिच्या पाठीमागे सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. सावित्री दहावीपर्यंत शिकलेली. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, प्रयोगाच्या तासाला कोणाचा हात भाजला तर पाण्याखाली धरणं, हे तिचं काम. तीन विज्ञान शिक्षक आले आणि बदलून गेले. कुठली काचेची नळी कुठल्या कपाटात आहे हे फक्त तिला ठाऊक होतं. येत्या मे महिन्यात ती निवृत्त होणार होती.

एप्रिलमध्ये पुण्याहून प्राजक्ता नावाची मुलगी जीपमधून ती पेटी घेऊन आली. मुलगीच म्हणायची, तिशीची असेल, पण पाठीवर सॅक आणि पायात बूट घालून ती भर उन्हात सगळा दिवस गच्चीवर बसली आणि तिनं स्वतः ड्रिल चालवून पेटी स्लॅबवर चार बोल्टांनी आवळली. पेटीत एक स्फटिक होता. गॅमा किरण त्यावर पडला की तो बारीकसा चमकायचा आणि यंत्र ती चमक मोजायचं. पेटीची एक केबल खाली प्रयोगशाळेत आणली होती आणि तिच्या टोकाला छोटा पडदा होता, त्यावर दर सेकंदाचा आकडा दिसे. एरवी तो तीनशेच्या आसपास असे, कारण थोडे किरण दगडामातीतून आणि आभाळातून नेहमीच येत असतात.

काम कोण बघणार असा प्रश्न आला, तेव्हा शिक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. सावित्री म्हणाली, मी बघते.

प्राजक्तानं तिला समोर बसवून सगळं समजावलं. वादळी ढगात विजेचा ताण इतका चढतो, की इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं धावत सुटतात, हवेवर आपटतात आणि त्यातून गॅमा किरण फुटतात. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागातच सगळा खेळ आटोपतो. तीसएक वर्षांपूर्वी ताऱ्यांचे किरण टिपायला सोडलेल्या उपग्रहाला ते पहिल्यांदा दिसले, आणि ते वरून नव्हे, खालून, आपल्या पृथ्वीवरून येत होते. शास्त्रज्ञांचाही विश्वास बसेना. कधीकधी वीज पडायच्या आधी मिनिटभर ढगाखाली या किरणांची मंद सर येते आणि वीज कडाडली की ती तुटते. पण ते थंड देशांत, जिथं हिवाळ्यात ढग जमिनीला लागून असतात. आपल्याकडे ढग उंच. मधली हवा सगळं गिळून टाकते.

"मग हयसर पेटी कित्याक लावतास?" सावित्रीनं विचारलं होतं.

"दिसत नाही हेसुद्धा कोणीतरी मोजून सांगायला हवं ना, मावशी," प्राजक्ता हसून म्हणाली.

हे उत्तर सावित्रीला फार आवडलं. तिनं एक दोनशे पानी वही घेतली, पट्टीनं रकाने आखले. तारीख, वेळ, आकडा, वीज दिसली का, आवाज किती वेळानं, आणि शेवटी शेरा. दर शनिवारी ऑफिसातला क्लार्क भिकाजी त्या वहीवरून आकडे संगणकात भरून पुण्याला पाठवी.

चौदा ऑक्टोबरला सकाळपासून उकडत होतं. कापलेलं भात शेतात आडवं पडलेलं आणि परतीचा पाऊस रोज दुपारी हजेरी लावून जाणारा. मधल्या सुट्टीत सावित्री गच्चीवर गेली, पेटीवरची धूळ पुसली, झाकणाचे चारही स्क्रू हातानं तपासून घट्ट केले आणि वहीत तसं लिहिलं. तीन वाजून वीस मिनिटांनी लाइट गेली. तिनं चार्जरची पिन काढून ठेवली; वादळात यंत्र बॅटरीवरच ठेवायचं असं तिला शिकवलेलं होतं. मुलांना वर्गात बसवून ठेवलं होतं. ती प्रयोगशाळेच्या खिडकीशी वही घेऊन उभी राहिली.

ढग समुद्राकडून आला नाही, घाटाकडून आला. सड्यावर येऊन तो खाली बसला. आधी सड्याची कड गेली, मग उतारावरची काजूची झाडं गेली. खिडकीच्या गजातून बारीक सूं असा आवाज यायला लागला आणि तिच्या हातावरचे केस उभे राहिले, तेव्हा ती गजापासून दोन पावलं मागे सरली. पडद्यावर तीनशे दहा होतं. मग साडेतीनशे झालं. मग चारशे वीस. तिला वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. सहाशे. ती लिहीत होती, आणि लिहीपर्यंत आकडा पुढे गेलेला असे. नऊशे चाळीस. त्यानंतर विहिरीमागच्या माडावर वीज पडली आणि आवाज तिच्याबरोबरच आला. बाजूच्या वर्गातली मुलं ओरडली. तिनं डोळे उघडून पडद्याकडे बघितलं, तर आकडा तीनशे पाच.

तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटं. तिनं वेळ लिहिली, आकडे लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात जे हाताला आलं ते लिहिलं. "सडो दिसत नाय. ढग खाली टेकलो हा. लाइट ३.२० पासून नाय." ऑफिसच्या वहीत आपण मालवणी लिहिलं हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं, पण खोडून पुन्हा लिहायचं नाही असा तिचा नियम होता.

कागद घेऊन ती घरी आली तेव्हा नवरा, दाजी, घरापुढच्या खळ्यात भात वारवत होता. तिनं त्याला वाचून दाखवलं. दाजीनं सूप खाली ठेवलं नाही. सही कर आणि मोकळी हो, असं त्याचं म्हणणं पडलं. पुण्याची माणसं, मोठ्या शिकलेल्या लोकांचा मामला. मे महिन्यात तू सुटणार, मग कोण बघायला येतोय कोणी झाकण लावलं नि कोणी नाही.

सावित्री पायरीवर बसली. मग तिनं त्याला ती गोष्ट सांगितली, जी लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही तिनं कधी सांगितली नव्हती.

तिची थोरली बहीण सीता वीज पडून गेली, हे दाजीला माहीत होतं. कशी गेली ते तो लोकांकडून ऐकून होता. सावित्री तेव्हा अकरा वर्षांची आणि सीता पंधराची. दोघी सड्यावर गवत कापायला गेल्या होत्या. आभाळ भरून आलं तशी सीता म्हणाली, भारा इथंच टाकूया आणि पळूया. दोघी पळत होत्या. सीता पुढे होती. सावित्रीला उजेड आठवत होता आणि मग आपण दगडावर पालथ्या पडलोय हे आठवत होतं. कानात दोन दिवस घंटा वाजत होती. दुसऱ्या दिवशी सरकारी माणूस आला, खळ्यात खुर्चीवर बसला आणि मोठ्या माणसांना विचारून त्यानं पंचनामा लिहिला. मुलगी झाडाखाली आसऱ्याला उभी राहिल्यामुळे मृत्यू. सड्यावर गुडघ्यापेक्षा उंच झुडूपसुद्धा नव्हतं. दाराआड उभ्या असलेल्या सावित्रीनं तसं सांगितलं. थंय झाडच नाय होता, ती म्हणाली. काकांनी तिला गप रव म्हणून आत पाठवलं.

ज्यांना सीता धावताना दिसली नव्हती, त्यांनी कागद खरा धरला. खुळा चेडू, झाडाखाली कशाक रवला, असं लोक त्या पोरीबद्दल वर्षानुवर्षं म्हणत राहिले. शाळेत विजेचा धडा आला की मास्तर तिच्या बहिणीचं उदाहरण देत. आणि सर्वांत वाईट म्हणजे हळूहळू दोघींच्या आवशीला, म्हणजे आईलासुद्धा ते झाड दिसायला लागलं. ती मरेपर्यंत त्या झाडाला शिव्या घालत होती.

"आवस त्या झाडाक शिव्या घाली आनी मी आयकत रवय," सावित्री म्हणाली. "थंय झाड नव्हता. सीता धावत होती. तिचो काय एक गुन्हो नव्हतो."

दाजीनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं.  मग म्हणाला, "मगे ह्या कागदार सही करू नको. तुझा तू लिव."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधीच सावित्रीनं प्रयोगशाळेत बसून फुलस्केप कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी झाकणाचे चारही स्क्रू तपासले होते. वीज पडताना झाकण बंद होतं. लाइट नव्हती आणि चार्जर काढलेला होता. वहीत लिहिलेले आकडे मी पडद्यावर बघून लिहिले आहेत. मला दिलेल्या कागदातला मजकूर खरा नाही, म्हणून मी त्यावर सही करत नाही. तिनं त्याची दुसरी प्रत केली आणि दोन्ही घेऊन सरांच्या खोलीत गेली.

सरांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. असलं पत्र पुण्याला गेलं तर ते लोक पेटी उचलून नेतील, असं त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. केंद्र जाईल. गावातले लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं? पेटी जावी असं सावित्रीलाच सगळ्यांत कमी वाटत होतं. पण ती म्हणाली, नेतील तर नेऊ देत. आणि प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का हवा.

सरांनी दोन्ही कागद तिच्यापुढे परत सरकवले. ती ऑफिसात जाऊन भिकाजीच्या टेबलासमोर उभी राहिली. भिकाजी सरांच्या दाराकडे बघायचा आणि पुन्हा कागदांत डोकं घालायचा. पहिला तास संपला, दुसरा संपला. तिसऱ्या तासाला नववीचा प्रयोग होता, तेव्हा ती जाऊन सामान लावून आली आणि पुन्हा त्याच जागी उभी राहिली. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर केळुसकर सर स्वतः बाहेर आले. त्यांनी तिच्याकडे न बघता भिकाजीला मान हलवून खूण केली. भिकाजीनं शिक्का मारला, क्रमांक घातला आणि प्रत तिच्या हातात दिली.

आठ दिवसांनी प्राजक्ता आली. जीप नव्हती, ती एसटीनं आली होती आणि तिच्याबरोबर कोणी नव्हतं. या वेळी ती हसली नाही. प्रकल्पप्रमुखांनी तिला चांगलंच सुनावलं होतं. तुझी माणसं नीट नाहीत, तुझे आकडे कचरा आहेत, असं सगळ्यांसमोर. तिनं सावित्रीला सरळच विचारलं, की मावशी, खरं सांगा, झाकण उघडं होतं का.

 सावित्रीनं कपाटातून वही काढली, ते पान उघडलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

प्राजक्तानं एकेक रकान्यावरून बोट फिरवलं. शेवटच्या रकान्यापाशी बोट थांबलं. सडो म्हणजे काय, तिनं विचारलं. सावित्रीनं खिडकीतून पाठीमागचं पठार दाखवलं. ते दिसत नव्हतं? नव्हतं. किती उंच आहे ते? शाळेवरून चढून जायला दहा मिनिटं, जास्त नाही. ढग त्याच्या वर उंच होता का त्याच्यावर टेकलेला होता? टेकलेला. काजूच्या झाडांपर्यंत उतरला होता.

प्राजक्ता स्टुलावर बसली. तिनं लॅपटॉप उघडून यंत्रानं स्वतः नोंदवलेली त्या दिवसाची रेघ काढली. मिनिटभर हळूहळू चढत गेलेली, शेवटी सुईसारखी एक उभी रेघ आणि मग एकदम तळाला. ही रेघ तिनं पुण्यात शंभरदा बघितली होती. ढग उंच असणार हे धरूनच बघितली होती.

मग त्या दोघी गच्चीवर गेल्या. प्राजक्तानं मुद्दाम झाकण सैल केलं, आत ओलं फडकं ठेवलं आणि खाली येऊन दोघी पडद्यासमोर बसल्या. आकडे सैरावैरा उड्या मारायला लागले. फडकं काढून झाकण पुन्हा आवळलं तरी शाळा सुटेपर्यंत ते ताळ्यावर आले नाहीत. चौदा तारखेला ते विजेनंतर त्याच क्षणी तीनशे पाचवर आले होते.

"हा रकाना मी कधी वाचलाच नाही," प्राजक्ता म्हणाली.  "शेरे टाइप करायची गरज नाही, असं भिकाजींना मीच सांगितलं होतं, मावशी."

सावित्रीनं तिला चहा करून दिला. राग आला होता, तो तिनं लपवला नाही. ती एवढंच म्हणाली, की पट्टीनं रकाना आखला होता तो शोभेसाठी नव्हता.

त्यातून सगळं सरळ झालं असं नाही. प्रकल्पप्रमुखांनी एका घटनेवरून काही सिद्ध होत नाही असं लिहिलं, आणि तेही खोटं नव्हतं. अहवालातलं निष्काळजीपणाचं वाक्य त्यांनी गाळलं आणि त्याजागी कारण अनिश्चित असे शब्द घातले. माफी कोणी मागितली नाही. शाळेला केंद्र मिळालं नाही. ढग जर जमिनीला टेकल्यावरच काही दिसणार असेल तर पेटी उंच डोंगरावर हवी, असं ठरलं, आणि नोव्हेंबरच्या शेवटी ती घाटमाथ्यावर हलवायचा हुकूम आला. सावित्रीच्याच कागदामुळे पेटी गेली, असं स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं. तिनं ते ऐकलं आणि ते तसंच आहे असं सांगितलं.

पेटी न्यायला प्राजक्ता आली तेव्हा तिच्याकडे एक लेख होता, इंग्रजीत. तिनं तो स्वतःच्या जबाबदारीवर लिहिला होता आणि कुठं छापून येईल याची तिला खात्री नव्हती. वहीचं ते पान फोटो काढून त्यात घातलं होतं, मालवणीसकट. जिथं सावित्रीचा उल्लेख होता तेवढं तिनं मराठी करून वाचून दाखवलं. निरीक्षक सावित्री गावडे यांच्या मते त्या वेळी ढग पठारावर टेकलेला होता.

"ता 'मते' काढ," सावित्री म्हणाली.

प्राजक्तानं वर बघितलं. शास्त्रीय लेखात असंच लिहितात, असं ती सांगायला लागली. यंत्रानं मोजलेलं वेगळं, माणसानं सांगितलेलं वेगळं.

"मत नाय ता. मी बघललंय."

प्राजक्तानं पेन काढलं आणि तो शब्द खोडला. वरच्या बाजूला तिनं काहीतरी लिहिलं आणि तेही मराठी करून वाचलं: निरीक्षक सावित्री गावडे यांनी पाहिले, की त्या वेळी ढग पठारावर टेकलेला होता. सावित्रीनं मान हलवली.

जीप गेल्यावर ती गच्चीवर गेली. पेटीच्या जागी स्लॅबला चार भोकं राहिली होती. गवंड्याला सांगतो, असं सर म्हणाले होते, पण गवंडी कधी येईल याचा नेम नव्हता आणि भोकांच्या बरोबर खाली दहावीचा वर्ग होता. तिनं जुन्या घमेल्यात थोडं सिमेंट आणि वाळू कालवली, साडीचा पदर खोचला आणि एकेक भोक भरत गेली. थापी नव्हती, म्हणून अंगठ्यानंच माल आत दाबला आणि तळहातानं वरून सारखा केला. चौथं भोक भरून झाल्यावर तिनं हात धुतले. उद्या सकाळी त्यावर पाणी मारायला यायला हवं होतं.